कोंबडीच्या पिलांच्या खाद्यांत डाळीची चुणी

सन 2021 च्या ऑगस्ट महिन्यांत सोयाबीनचा भाव क्विंटलास दहा हजार रुपयांच्या आसपास गेला, आणि बारा लाख टन सोयाबीन पेंड परदेशांतून आणण्यास सरकारनें परवानगी दिली. सोयाबीन पिकविणाऱ्यास तो भाव हवा होता. मांसासाठीं कोंबड्या पाळणाऱ्यास तो सोसवेना. पेंड महागली कीं तिच्या जागीं डाळगिरणीची चुणी चालेल काय, हा प्रश्न पुढें येतो. जे शेतकरी खाद्य घरीं मिसळतात त्यांच्यासाठीं त्याचा विचार येथें करूं.

तूर, हरभरा, मूग यांची डाळ करतांना टरफलें, कण्या व अंकुराचा भुगा मिळून जो कळणा निघतो ती चुणी. लातूर, अकोला, जालना या बाजूस ती सहज मिळते. गुरांस ती मानवते, कारण रवंथ करणाऱ्या जनावरास टरफल पचतें. पिलास तें पचत नाहीं. सोयाबीन पेंडींत शेकडा सुमारें 45 भाग प्रथिन असतें. तुरीच्या चुणींत टरफलाच्या मानानें 15 ते 20. म्हणजे शंभर किलो खाद्यांतून पांच किलो पेंड काढून तितकीच चुणी घातली, तर खाद्याचें प्रथिन सव्वा ते दीड भागानें उतरतें. लहान पिलांस 22 ते 23 भाग प्रथिन हवें असतें, हें ध्यानांत घेतां ही घट थोडी नव्हे.

आतां बचतीचा हिशोब पाहूं. हजार पिलें पहिल्या आठवड्यांत सुमारें दीडशें किलो खाद्य खातात. त्यांत शेकडा पांच चुणी म्हणजे अवघी साडेसात किलो. उलट चाळीस ग्रॅमचें पिलूं याच सात दिवसांत सुमारें चौपट होतें, आणि येथें खुंटलेलें पिलूं पुढें मागेंच राहतें. म्हणून पहिले दोन आठवडे चुणी मुळींच घालूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

तिसऱ्या आठवड्यापासून शेकडा पांच भागांपर्यंत ती घालून पाहावी. आधीं चाळून मोठीं टरफलें काढावीं. कच्च्या द्विदल धान्यांत प्रथिनाचें पचन रोखणारें द्रव्य असतें, तें उष्णतेनें नष्ट होतें. यास्तव चुणी हलकी भाजून घ्यावी. चुणी घालतांना सर्व भार पेंडीवर न टाकतां मका व पेंड दोन्हींतून थोडें कमी करावें, आणि थोडें तेल व मेथिओनिन यांची जोड द्यावी. कारण द्विदलांत हें आम्ल कमीच असतें. लाखेची चुणी मात्र वर्ज्य समजावी. तिच्यांतील विष मज्जातंतूंस बाधतें.

गवारीच्या डिंकाच्या कारखान्यांतून निघणारा कोरमा निराळा. त्यांत प्रथिन शेकडा पन्नासच्या जवळ असतें, म्हणून तो पेंडीची जागा खऱ्या अर्थानें घेऊं शकतो. परंतु उरलेल्या डिंकामुळें विष्ठा चिकट होते व खालची तूस ओली राहते. तो भाजलेलाच घ्यावा, आणि त्याचेंहि प्रमाण अल्प ठेवावें.

माल कोणताहि असो, ओलसर किंवा कुबट वासाचा घेऊं नये. बुरशीच्या विषानें पिलांचें यकृत बिघडतें, आणि स्वस्त पोतें सर्वांत महाग पडतें.

शेवटीं एक सूचना. पन्नास पिलें वेगळीं ठेवून त्यांसच नवें खाद्य द्यावें व दर आठवड्यास दोन्ही गटांचीं वजनें घ्यावीं. तीस रुपयांचें खाद्य एक किलो वजनास 1.6 किलो लागलें तर खर्च 48 रुपये होतो. एकोणतीस रुपयांचें 1.7 किलो लागलें तर तो 49 रुपये 30 पैसे होतो. पोत्यामागें वांचलेला पैसा असा तराजूंत हरवतो. म्हणून चुणीचा न्याय पोत्याच्या किमतीवर न करतां पिलाच्या वजनावर करावा, अशी आमची वाचकांस विनंती आहे.