जुन्या स्क्रिप्टला हात न लावता

व्हिम हा प्रोग्रामर मंडळींचा आवडता टेक्स्ट एडिटर ब्राम मोलेनार यांनी १९९१ साली आणला. पुढे त्याला स्वतःची स्क्रिप्टिंगची भाषा मिळाली आणि जगभरच्या लोकांनी तीत असंख्य प्लगिन्स लिहिली. भाषा मात्र संथ. फंक्शन जितक्या वेळा चालेल तितक्या वेळा त्यातली ओळ न् ओळ नव्याने वाचली जाई. वेग हवा तर भाषेचे नियमच बदलायला हवेत, आणि ते बदलले की जुनी प्लगिन्स एका रात्रीत बंद पडणार.

२०२२ च्या व्हिम ९ मध्ये यावर तोडगा निघाला. फाइलच्या सुरुवातीला ‘व्हिम९स्क्रिप्ट’ ही आज्ञा असेल तर नवे नियम, नसेल तर आपले जुनेच. नव्या पद्धतीचे फंक्शन एकदाच कंपाइल होते, त्यामुळे ते १० ते १०० पट वेगाने धावू शकते. टिपणीची खूणही बदलली: पूर्वी दुहेरी अवतरणचिन्ह, आता हॅश. (ते अवतरणचिन्ह गेले ते बरेच झाले, मजकुराची सुरुवातही त्यानेच व्हायची.)

अर्थात, हे फुकट नाही. एकाच एडिटरात दोन बोली सांभाळत बसायचे. व्हिममधूनच फुटून निघालेल्या निओव्हिमने त्याऐवजी ल्युआ ही तयार भाषा जवळ केली; जुनी व्हिमस्क्रिप्ट मात्र त्यांनाही काढून टाकता आलेली नाही.