संस्थेचे दफ्तर आणि मुक्तस्रोत संकेतस्थळ

मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या महामार्गावर जेथून एक वाट म्हसळ्यावरून श्रीवर्धनच्या किनाऱ्याकडे उतरते आणि दुसरी निजामपूरवरून ताम्हिणी घाट चढून पुण्याकडे जाते, त्या माणगावात तालुक्याच्या कचेऱ्यांबरोबरच शाळा, पतसंस्था, वाचनालये आणि गावोगावची ग्रामस्थ मंडळे यांचा कारभार वर्षानुवर्षे निष्ठेने चाललेला आहे. या संस्थांचे खरे संचित त्यांच्या कपाटात असते: इतिवृत्ताच्या वह्या, हिशेबपत्रके, देणगीदारांच्या याद्या, जुन्या स्मरणिका, क्वचित एखाद्या दिवंगत अध्यक्षांच्या हातचे पत्र. गणपतीला किंवा शिमग्याला गावी येणारा चाकरमानी एरवी डोंबिवलीत किंवा नालासोपाऱ्यात बसून गावच्या सभेची तारीख विचारतो, तेव्हा त्याला उत्तर मिळते ते व्हॉट्सॲपवर. आणि पुढच्या वर्षी तीच सूचना पाहू म्हटले, तर हजारो शुभेच्छांच्या आणि छायाचित्रांच्या ढिगाऱ्याखाली ती कायमची गाडली गेलेली असते. संस्थेचे स्वतःचे संकेतस्थळ असावे, ही इच्छा अशा वेळी कार्यकारिणीच्या बैठकीत कोणीतरी बोलून दाखवतो. या इच्छेला व्यवहारात कसे उतरवावे, आणि मुख्यतः कोणत्या क्रमाने, एवढ्याचाच विचार येथे करावयाचा आहे. माझे मत असे की प्रारंभ संगणकापासून होत नाही. तो कपाटातील कागद लावण्यापासून आणि मालकीचा प्रश्न निकालात काढण्यापासून होतो.

पूर्वीच्या साध्या संकेतस्थळात मजकूर आणि त्याची मांडणी एकाच फाइलीत गुंतलेली असे. त्यामुळे सभेची नुसती तारीख बदलायची झाली तरी ती फाइल बनवणाऱ्या जाणकाराची विनवणी करावी लागे, आणि तो जाणकार नोकरीनिमित्त पुण्यास गेला की संकेतस्थळ त्या तारखेवरच थिजून राही. आशय-व्यवस्थापन प्रणाली हा गुंता सोडवते. मजकूर डेटाबेसच्या तक्त्यांत, छायाचित्रे वेगळ्या फोल्डरात आणि बाह्य रूप थीमच्या स्वाधीन अशी तिची व्यवस्था असून, वाचकाने एखादे पान मागितले की सर्व्हरवरील प्रणाली मजकूर काढते, थीमच्या साच्यात बसवते आणि सिद्ध झालेले पान त्याच्या मोबाइलवर पाठवते. मजकूर लिहिणाऱ्या ग्रंथपालाला यातले काहीही ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याच्यापुढे शीर्षकाची एक ओळ, खाली लिहिण्याची मोकळी जागा आणि 'प्रकाशित करा' असे बटण, एवढेच येते. थीम बदलली तरी दहा वर्षांच्या मजकुराला धक्का लागत नाही, हा या व्यवस्थेचा सर्वांत मोठा लाभ.

अशा प्रणाली विकतही मिळतात. तथापि लहान संस्थेने मुक्तस्रोत, म्हणजे अंतर्गत रचना सर्वांना खुली असलेल्या, प्रणालीचाच विचार का करावा, हे समजण्यासाठी अशाच एका प्रणालीच्या, वर्डप्रेसच्या, जन्माची हकिकत जाणून घेण्याजोगी आहे. मिशेल वाल्द्रीगी नावाच्या एका फ्रेंच तरुणाने 'बी-टू' नावाची लहानशी प्रणाली लिहून ती मुक्त परवान्याखाली खुली केली होती; पुढे त्याचा संपर्क थांबला आणि काम बेवारस पडले. २००३ च्या जानेवारीत ह्यूस्टनच्या मॅट मुलेनवेग या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याने, हे काम आपण पुढे न्यावे असे वाटते, असे जाहीरपणे लिहिले; इंग्लंडमधील माइक लिटल याने साथ देण्याची तयारी दाखवली, आणि २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती बाहेर पडली. आज जगातील दर पाच संकेतस्थळांपैकी दोनांहून अधिक त्याच प्रणालीवर चालतात. मूळ कर्ता हाती नसताना, त्याचे दार न ठोठावता, दोन परक्या माणसांना हे काम उचलता आले ते जीपीएल नावाच्या परवान्यामुळे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ मध्ये सिद्ध केलेली ही सनद प्रणाली वापरण्याचा, तिची अंतर्गत रचना तपासण्याचा, तीत फेरफार करण्याचा आणि फेरफारासह ती दुसऱ्यास देण्याचा अधिकार देते; अट एवढीच की पुढे देताना हेच अधिकार घेणाऱ्यालाही द्यावेत. २००५ मध्ये 'माम्बो' या प्रणालीच्या हक्कांवरून वाद झाला, तेव्हा तिच्या कर्त्या मंडळींनी तीच रचना बरोबर घेऊन 'जूमला' या नावाने नवे घर थाटले, तेही याच सनदेच्या बळावर. ज्या संस्थेचे आयुष्य कोणत्याही कंपनीपेक्षा दीर्घ असावे अशी आपली अपेक्षा असते, तिने आपले दफ्तर अशा सनदेच्या आश्रयाने ठेवावे, हे मला अत्यंत स्वाभाविक वाटते.

मराठी माणसाला हा मार्ग नवा नाही. १९९६ च्या गणेशचतुर्थीला अमेरिकेत सुरू झालेली 'मायबोली', त्यानंतरची 'मनोगत' आणि २००७ मधील 'मिसळपाव' ही संकेतस्थळे द्रुपल या मुक्तस्रोत प्रणालीवर नांदली. तिचा जनक द्रीस ब्यूतार्त हा बेल्जियमचा, आणि तिचे पहिले प्रकाशन २००१ च्या जानेवारीतले. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया 'मीडियाविकी' या मुक्तस्रोत प्रणालीवर उभा आहे. नोकरी-व्यवसाय सांभाळून फावल्या वेळात राबणाऱ्या हौशी माणसांनी, परदेशात तयार झालेली साधने घेऊन, मराठी लेखनाचा केवढा मोठा संचय उभा केला, याची जाणीव आपल्या वाङ्मयेतिहासाला अद्याप पुरेशी झालेली नाही, अशी माझी खंत आहे.

वर्डप्रेस घ्यावे की द्रुपल, असा प्रश्न येतो. हजारो नोंदींचा संग्रह, अनेक प्रकारचे दस्तऐवज आणि त्यांचे परस्परसंबंध सांभाळायचे असतील तर द्रुपलची शिस्त उपयोगी पडते. परंतु तिला जाणकार लागतो. तिच्या सातव्या आवृत्तीचा आधार ५ जानेवारी २०२५ रोजी संपला, तेव्हा त्या आवृत्तीवर राहिलेल्या संस्थांपुढे स्थलांतराचे मोठे काम उभे राहिले. म्हणून वाचनालयाने किंवा ग्रामस्थ मंडळाने वर्डप्रेसपासून आरंभ करावा.

आता मालकी. 'अमुक डॉट इन' हे संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन, कायमचे विकत मिळत नाही. ते ठरावीक मुदतीसाठी नोंदले जाते आणि मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करावे लागते. अनेक संस्थांत ही नोंदणी संकेतस्थळ बनवून देणाऱ्याच्या नावावर, त्याच्या ईमेलवर आणि त्याच्या मोबाइलवर झालेली असते. संबंध बिघडला, किंवा तो व्यवसायच सोडून गेला, म्हणजे संस्थेला स्वतःच्या नावावर हक्क सांगता येत नाही, आणि मुदत टळून गेली तर ते नाव तिऱ्हाइताच्या हाती जाते. म्हणून नोंदणी संस्थेच्या नावे, संस्थेच्या स्वतंत्र ईमेलवर करावी, पावती जमाखर्चाला लावावी आणि नूतनीकरणाची तारीख इतिवृत्तात नोंदवावी. २०१४ पासून 'डॉट भारत' हे देवनागरी डोमेनही मिळते. ते अवश्य घ्यावे, पण रोमन नावाबरोबर घ्यावे. सर्व्हरवरील जागेचा, म्हणजे होस्टिंगचा, करारही याच पद्धतीने करावा. प्रणाली विनामूल्य असली तरी या दोन बाबींचा खर्च दरसाल येतो, आणि तो अंदाजपत्रकात वीजबिलाच्या शेजारी धरला पाहिजे.

एवढे झाले तरी लगेच जगापुढे जाण्याची घाई नको. वर्डप्रेस घरच्या संगणकावर चालवून पाहता येते. 'एक्सॅम्प' हा विनामूल्य संच बसवला की सर्व्हर, डेटाबेस आणि पीएचपी ही भाषा अशी सगळी सामग्री इंटरनेटविना जागेवर उपलब्ध होते, आणि 'वर्डप्रेस प्लेग्राउंड' तर काहीही न बसवता ब्राउझरमध्येच उघडते. तेथे दोन-तीन आठवडे हात बसू द्यावा. पान आणि पोस्ट यांतील भेद प्रथम समजून घ्यावा: वाचनालयाचा इतिहास, वेळ, वर्गणीचे दर हा स्थिर मजकूर पानांत जातो, सूचना, वृत्तान्त, व्याख्यानमालेची हकिकत हा कालक्रमाने येणारा मजकूर पोस्टमध्ये. त्यानंतर अधिकारांची वाटणी. प्रशासक सर्वाधिकारी, संपादक सर्वांचा मजकूर तपासून प्रसिद्ध करतो, लेखक केवळ स्वतःचा, योगदानकर्ता लिहितो, पण संपादकाच्या संमतीवाचून ते बाहेर पडत नाही. चिटणिसाने संपादक व्हावे, उत्साही तरुणांना योगदानकर्ते करावे. आणि प्रशासकाचे खाते दोघांहून अधिक जणांच्या हाती असू नये. एकच पासवर्ड पाच जणांनी वापरण्याची प्रथा पहिल्याच दिवशी बंद करावी.

मराठी मजकुराच्या काही अडचणी मात्र परदेशी मार्गदर्शिकांत सापडत नाहीत, म्हणून त्या विस्ताराने सांगणे अवश्य आहे. संस्थेच्या स्मरणिका बहुधा श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटांत जुळवलेल्या असतात. पडद्यावर देवनागरी दिसली तरी फाइलीच्या पोटात ती देवनागरी नसते. रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात, आणि तो मजकूर उचलून संकेतस्थळावर ठेवला की निरर्थक रोमन चिन्हांची रांग उमटते. १९९१ पासून अस्तित्वात असलेल्या युनिकोडमध्ये तो रूपांतरित करावा लागतो. रूपांतराची साधने आहेत. पण रफार, जोडाक्षरे आणि 'दुसऱ्या', 'वाऱ्या' यांतील 'ऱ्य' हमखास बिघडतो, तेव्हा मूळ छापील प्रत हाती घेऊन ओळीन् ओळ ताडून पाहण्यावाचून गत्यंतर नाही. हे काम निवृत्त शिक्षकांइतके चोख कोणी करणार नाही. जुना कागद स्कॅन करून केवळ चित्र म्हणून टांगणे हा सुलभ मार्ग सर्वत्र रूढ झाला आहे. परंतु त्या चित्रातील एकही शब्द शोधात सापडत नाही, आणि दृष्टिहीन वाचकाचे वाचनयंत्र तेथे मुके होते.

दुसरी अडचण पत्त्याची. शीर्षकावरून वर्डप्रेस त्या पानाचा पत्ता आपोआप तयार करते. पण देवनागरीतील प्रत्येक चिन्ह साठवताना, आणि त्यांत काना, मात्रा, वेलांटी व हलन्त हीही स्वतंत्र चिन्हे म्हणून मोजली जातात, नऊ रोमन चिन्हे खर्ची पडतात, आणि पत्त्याच्या या भागाला मर्यादा आहे दोनशे चिन्हांची. म्हणजे बावीस देवनागरी चिन्हांत जागा संपते. 'वार्षिक सर्वसाधारण सभेचा वृत्तान्त व हिशेब' असे शीर्षक दिले, तर पत्ता 'वार्षिक-सर्वसाधारण-सभेचा' येथेच तुटतो. पुढील वर्षी तेच शीर्षक दिले म्हणजे त्याच तुटक्या शेपटीला फक्त एक आकडा चिकटतो, आणि कोणता पत्ता कोणत्या सालचा, हे उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. शिवाय तो पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्केचिन्हांची लांबलचक माळ दिसते, आणि ती पाहून चाकरमानी काही फसवणूक तर नाही ना, अशा शंकेने बोट मागे घेतो. उपाय सोपा आहे: प्रकाशनापूर्वी पत्त्याच्या रकान्यात रोमन लिपीत 'सभा' आणि सन, एवढेच स्वहस्ते लिहावे. शीर्षक मराठीतच राहू द्यावे.

प्रणालीची भाषा मराठी निवडावी. त्यामुळे आतील आज्ञा बहुतांशी मराठीत येतात आणि प्रत्येक पान आपली भाषा मराठी असल्याचे ब्राउझरला कळवते. ज्या फाँटांत मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' स्वतंत्र ठेवलेले असतात, ते या सूचनेवरूनच योग्य आकार निवडतात. एरवी हिंदी वळण उमटते. मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षररचनाकारांच्या मंडळाने केलेले 'मुक्ता' आणि 'बालू' हे फाँट मुक्त परवान्याखाली मिळतात, तेव्हा चोरून आणलेल्या फाँटावर संस्थेचे नाव लिहिण्याचे कारण उरलेले नाही.

प्लगइन म्हणजे प्रणालीला जोडण्याचे जादा भाग. ते हजारोंनी उपलब्ध आहेत आणि मोह पाडणारे आहेत. तथापि बहुसंख्य घुसखोरी प्लगइनांच्या वाटेनेच होते, म्हणून थोडेच घ्यावेत, ज्यांची निगा चालू आहे असेच घ्यावेत, आणि विकतच्या प्लगइनाची फुकट प्रत कोणी दिली तर ती घेऊ नये. अपडेट आले की आधी बॅकअप काढावा आणि मगच ते लागू करावे. बॅकअपमध्ये डेटाबेस आणि छायाचित्रांचे फोल्डर अशा दोन्ही गोष्टी हव्यात. एकच घेतली तर उरते ते अर्धे दफ्तर.

त्या प्रती कोठे ठेवाव्यात, याचे उत्तर कोकणाला निसर्गानेच दिले आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन-म्हसळ्यापासून माणगावपर्यंत छपरे उडाली, विजेचे खांब कोसळले आणि कितीतरी गावे दीर्घकाळ अंधारात राहिली. २०२१ च्या जुलैत महाडात पाणी घरांत आणि दुकानांत शिरले. उडालेल्या छपराखालच्या किंवा पुरात उभ्या राहिलेल्या कपाटाचे काय होते, हे या भागात कोणास सांगायला नको. संकेतस्थळ अशा दिवसांत गावात उघडणार नाही, कारण वीजही नसेल आणि मोबाइलचा मनोराही. पण दूरच्या सर्व्हरवर ते शाबूत राहील. म्हणून एक प्रत सर्व्हरखेरीज अन्य ठिकाणी, दुसरी संस्थेच्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी मुंबईत किंवा पुण्यात राहणाऱ्या एखाद्या विश्वासू सभासदाकडे असावी. आणि वर्षातून एकदा त्यांतील एक प्रत घरच्या संगणकावर उघडून ती खरोखर उघडते का, हे पाहावे.

काय ठेवावे याइतकेच काय ठेवू नये, हेही ठरवावे लागते. ग्रामपंचायत किंवा नगरपंचायत असेल तर २००५ च्या माहितीचा अधिकार अधिनियमाच्या चौथ्या कलमाने सतरा बाबी स्वतः होऊन प्रसिद्ध करण्याचे तिचे कर्तव्यच आहे. १९६७ च्या ग्रंथालय अधिनियमाखाली अनुदान घेणाऱ्या वाचनालयाने वार्षिक अहवाल आणि लेखापरीक्षित हिशेब लोकांपुढे ठेवणे शोभादायक. परंतु सभासदांचे मोबाइल क्रमांक, घरचे पत्ते आणि आधारपत्राच्या प्रती, ज्या उत्साहाच्या भरात सर्रास चढवल्या जातात, त्या एकदा बाहेर गेल्या की परत आणता येत नाहीत.

माणगाव तालुक्यातच लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ पासून आहे. तेथील संगणकाचा एकेक विद्यार्थी एकेका वाचनालयाला जोडला गेला, तर तालुक्यातील संस्थांची दफ्तरे दोन-तीन वर्षांत लागतील, असे मला मनापासून वाटते. विद्यार्थी मात्र शिकून निघून जाणार, आणि कार्यकारिणीही बदलत राहणार. म्हणून डोमेन, होस्टिंग आणि प्रशासकाचे खाते यांचे तपशील लखोट्यात बंद करून तिजोरीत ठेवावेत; नवी कार्यकारिणी सूत्रे घेईल त्या दिवशी कपाटाच्या किल्ल्यांबरोबर नव्या प्रशासकाचे खाते उघडावे, जुन्याचे बंद करावे, आणि त्याची नोंद दोघांच्या सह्यांनिशी इतिवृत्तात करावी.