वडस म्हणून सोडून दिलेलं मांस

डोळ्यात मांस वाढलं की आपल्याकडे त्याला एकच नाव: वडस. उन्हातान्हात, धुळीत राबणाऱ्यांच्या डोळ्यात पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे सरकत येणारा तो पंखासारखा पापुद्रा. बहुतेकदा तो निरुपद्रवीच असतो. पण पांढरा भाग आणि बुबुळ यांच्या त्याच सांध्यावर, त्याच उन्हाच्या माराने, कधीकधी दिसायलाही जवळपास तसाच एक कॅन्सर उगवतो. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत त्याच्या उपचारात जे बदललं ते सगळं एका प्रश्नाभोवती फिरत आलं आहे: काढला, मग परत का येतो?

आधी त्याला धड नावही नव्हतं. कोणी बोवेनचा आजार म्हणे, कोणी डिस्प्लेझिया, कोणी सरळ कार्सिनोमा. 1995 साली ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या ली आणि हर्स्ट या नेत्रतज्ज्ञांनी हे सगळं ‘ऑक्युलर सरफेस स्क्वेमस निओप्लाझिया’ या एका छत्रीखाली आणलं. डॉक्टरांच्या बोलण्यात ते लवकरच ‘ओएसएसएन’ झालं. नाव ब्रिस्बेनहून यावं यात नवल नाही. त्वचेच्या कॅन्सरशी त्या उन्हाळ प्रदेशाची जुनी ओळख आहे.

तोवर उपचार म्हणजे मुख्यतः कात्री. दिसेल तेवढं कापायचं आणि पट्टी बांधायची. पण हा आजार डोळ्याला दिसतो त्याच्या पुढेही पसरलेला असतो. कापलेल्या तुकड्याच्या कडा तपासणीत स्वच्छ निघाल्या, तरी वेगवेगळ्या अभ्यासांत 5 ते 33 टक्के रुग्णांमध्ये तो परतला. कडांवर पेशी राहून गेल्या असतील तर हे प्रमाण 56 टक्क्यांपर्यंत गेलं. 1997 साली टॅबिन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की काहींच्या बाबतीत तो दहा वर्षं उलटल्यावरही डोकं वर काढतो. वर्षभर ठीक राहिलेल्या रुग्णाला ‘आता येऊ नका’ म्हणण्याची सोय तिथे संपली.

त्याच वर्षी फिलाडेल्फियातल्या शील्ड्स दांपत्याने ‘नो टच’ पद्धत मांडली. गाठीला चिमटा लावायचाच नाही. बुबुळावरचा भाग आधी अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या बोळ्याने सैल करून अलगद सोलून घ्यायचा. पांढऱ्या भागावर गाठीच्या कडेपासून सुमारे 4 मिलिमीटर निरोगी आवरण सोडून कापायचं. मग उरलेल्या आवरणाची कड क्रायोच्या, म्हणजे गोठवणाऱ्या उपकरणाच्या, टोकाने उचलून धरायची. क्षणात तिथे पांढराशुभ्र बर्फाचा गोळा धरतो. तो वितळू द्यायचा आणि पुन्हा गोठवायचं. त्यानंतर हत्यारं बदलायची, कारण चिमट्यावर चिकटलेल्या पेशी शेजारच्या निरोगी जागेत पेरल्या जाऊ शकतात. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही: तण काढलेल्या हाताने बी झटकायचं नसतं.

दरम्यान आफ्रिकेतून वेगळीच बातमी आली होती. 1995 साली कंपालातल्या एका अभ्यासात या रुग्णांपैकी 75 टक्के एचआयव्हीबाधित निघाले. तुलनेसाठी घेतलेल्या लोकांत हे प्रमाण 19 टक्के होतं. म्हाताऱ्यांचा मानलेला आजार तरुणांना होत होता आणि तोही आक्रमक. म्हणून आज आपल्याकडेही तरुण माणसाच्या डोळ्यात अशी गाठ दिसली तर नेत्रतज्ज्ञ एचआयव्हीची तपासणी सुचवतात. रुग्ण बिचकतो, पण डॉक्टरने इथे संकोच करू नये.

खरी कलाटणी थेंबांनी दिली. 1994 साली जेरुसलेमहून मायटोमायसिन या कॅन्सरवरच्या औषधाच्या थेंबांचा अनुभव प्रसिद्ध झाला. औषध जालीम होतं. डोळे लाल व्हायचे, दुखायचे, म्हणून आठवडाभर घालून आठवडाभर विसावा द्यावा लागे. मग इंटरफेरॉन आलं. ते सौम्य, पण महाग, फ्रिजमध्ये ठेवायचं आणि महिनोन्‌महिने दिवसातून चार वेळा घालायचं. अमेरिकेत ते बनवणाऱ्या कंपनीने पुढे उत्पादनच थांबवलं आणि तिथल्या डॉक्टरांचं लक्ष पुन्हा 1957 सालच्या, स्वस्त फाइव्ह-फ्लुरोयुरॅसिलकडे वळलं. या औषधाची परीक्षा केनियात झाली होती. शस्त्रक्रियेनंतर चार आठवडे त्याचे थेंब घातलेल्यांपैकी वर्षभरात 11 टक्क्यांमध्ये आजार परतला, नुसते औषधाविना थेंब घातलेल्यांत 36 टक्क्यांमध्ये. 2016 साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष मला या सगळ्या प्रवासातला सर्वांत मोलाचा वाटतो. गरीब देशातल्या रुग्णालाही परवडेल असं औषध एवढा फरक पाडू शकतं, हे त्याने मोजून दाखवलं.

थेंबांचा फायदा साधा आहे: ते डोळ्याच्या अख्ख्या पृष्ठभागावर पोचतात, न दिसणाऱ्या पेशींपर्यंतही. आता ओसीटीच्या, म्हणजे प्रकाशाने थर दाखवणाऱ्या तपासणीच्या, चित्रात जाड झालेला थर आणि निरोगी थर यांच्यातली सीमा रेघ मारल्यासारखी दिसते; त्यामुळे कित्येकदा कात्री न लावता थेंबांवरच काम भागतं. आत शिरलेल्या किंवा मोठ्या गाठीला मात्र शस्त्रक्रियाच.

एवढं सगळं पुढे गेलं, तरी एक गळती जुनीच राहिली आहे. वडस म्हणून कापलेला तुकडा अनेकदा तपासणीला जातच नाही. कचऱ्याच्या पिशवीत जातो. पुढे तिथेच काही वाढलं, तर आधी काय काढलं होतं हे सांगायला कागद नसतो. तुमचं किंवा घरातल्या कोणाचं वडस काढायचं ठरलं, तर तुकडा पॅथॉलॉजीला पाठवणार ना, एवढं आधी विचारा, आणि तो रिपोर्ट जपून ठेवा.