एका पुलाचे वय

मुंबईहून पुण्याला मोटारीने गेलेल्या माणसाला अमृतांजन पूल ठाऊक नाही, असे सहसा होत नाही. बोरघाटाची वळणे चढून गाडी खंडाळ्याच्या जवळ आली की रस्त्याला आडवा पडलेला तो दगडी पूल समोर दिसे. गाडी लागलेली मुले एव्हाना कोमेजून गेलेली असत. त्यांना आई सांगे, "आला बघ अमृतांजन! संपला आता घाट." मग लिंबाच्या फोडी पुन्हा डब्यात जात आणि चिक्कीच्या गोष्टी सुरू होत.

तो पूल आता नाही. २०२० सालच्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, टाळेबंदीमुळे एरवी क्षणभरही उसंत नसलेला द्रुतगती मार्ग ओस पडला असताना, सुरुंग लावून तो पाडण्यात आला. पाडण्यामागचे कारण रास्तच होते. पुलाचे जाडजूड खांब भर रस्त्यात उभे होते. सहा पदरी रस्त्याने भरधाव येणारी वाहने तेथे येऊन आखडत, कोंडी होई, अपघात होत. बैलगाड्यांच्या आणि टांग्यांच्या काळात दोन खांबांमधून जी वाट पुरत होती, ती आजच्या मालमोटारींना कशी पुरावी? तेव्हा पूल पाडला म्हणून मी येथे गळा काढणार नाही. माझी तक्रार निराळी आहे. पूल गेला त्या दिवशी त्याचे वय चुकीचे सांगितले गेले आणि अजूनही तेच सांगितले जाते.

"एकशे नव्वद वर्षांचा पूल जमीनदोस्त", असे मथळे तेव्हा झळकले. पूल १८३० साली इंग्रजांनी बांधला, असा हिशेब. पुढे आमच्या महाविद्यालयातील एका विद्यार्थिनीने भित्तिपत्रकासाठी लेख आणून दिला. त्यात वाक्य होते : "इंग्रजांनी १८३० साली रेल्वेसाठी बांधलेला हा पूल..." मी तिला विचारले, "अगं, १८३० साली आपल्याकडे रेल्वे कुठली?" ती क्षणभर गोंधळली आणि म्हणाली, "पण सर, सगळीकडे असंच लिहिलंय."

सगळीकडे लिहिले आहे, या एका आधारावर आपण किती गोष्टी बिनदिक्कत मान्य करतो! तिचा लेख मी बाजूला ठेवला आणि शोधाला लागलो. घरी मात्र या उद्योगाचे फारसे कौतुक झाले नाही. "पाडलेल्या पुलाचं वय काढून करायचंय काय? पत्रिका का जुळवायची आहे त्याची?" असा प्रश्न आमच्या सौभाग्यवतींनी केला. तो काही अगदीच गैर नव्हता. त्याचे उत्तर मला शोधाच्या शेवटी सापडले.

पहिली अडचण नावाची. 'अमृतांजन' हे काही पुलाचे जन्मनाव नव्हे. ते मलम काशीनाथुनी नागेश्वरराव या आंध्र गृहस्थांनी १८९३ साली मुंबईत काढले. डोके दुखले की कपाळाला चोळायचे ते पिवळे मलम घरोघर पोहोचले आणि पुढे त्याची जाहिरात या पुलावर झळकली. घाटात डोके दुखणारच, तेव्हा जाहिरातीची जागा मोठी हुशारीने निवडली होती, म्हणायचे! लोकांनी जाहिरात वाचली आणि पुलाचे बारसे करून टाकले. त्यामुळे जुन्या कागदांत 'अमृतांजन पूल' शोधत बसलो असतो, तर जन्मभर सापडला नसता.

दुसरी अडचण घाटाच्या नावाची. आपण मराठी माणसे याला बोरघाट म्हणतो. इंग्रजांनी तो 'भोर' लिहिला आणि रेल्वेने तेच उचलले. भोर गाव तर पुण्याच्या पार दक्षिणेला! ही गोम एकदा ध्यानात आली आणि १८८५ सालच्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरची पाने भराभर बोलू लागली.

तेथे १८३० हे साल भेटले. मात्र ते पुलाचे नव्हते, रस्त्याचे होते. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १० नोव्हेंबर १८३० रोजी बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला. रस्त्याचे काम कॅप्टन ह्यूज या अधिकाऱ्याने केले होते. ते पुरते संपलेलेही नव्हते, पण माल्कमसाहेब मंडळी घेऊन घोडागाड्यांतून घाट उतरून गेले. त्यापूर्वी घाट म्हणजे बैलांच्या पाठी आणि हमालांची डोकी. चाकाची गाडी कोकणातून थेट देशावर जाऊ लागली, ही त्या काळी फार मोठी गोष्ट होती आणि गव्हर्नरांनी तिचा तोरा मिरवला यात नवल नाही.

आता रेल्वेकडे वळू. विलायतेत लिव्हरपूल-मँचेस्टर ही प्रसिद्ध रेल्वे सुरू झाली, ती १५ सप्टेंबर १८३० रोजी. म्हणजे माल्कमसाहेब घाट उतरले, तेव्हा त्या गोष्टीला दोन महिनेही झाले नव्हते. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली गाडी धावली १६ एप्रिल १८५३ रोजी. ती चालवणारी 'ग्रेट इंडियन पेनिन्सुला' कंपनीच मुळी १८४९ सालची. ज्या रेल्वेचा जन्मच व्हायचा होता, तिच्यासाठी १८३० साली पूल बांधायचा कोणी? बारशाआधीच मुंज लावण्यातला हा प्रकार!

पूल रेल्वेचाच होता, याबद्दल मात्र शंका नको. घाटात पूर्वी 'रिव्हर्सिंग स्टेशन' होते आणि त्याच जुन्या लोहमार्गाचा हा तुकडा होता. खालून रस्ता, वरून रेल्वे. रिव्हर्सिंग म्हणजे काय, ते थोडे सांगायला हवे. जुन्या वाड्यातला जिना आठवा. जागा थोडी आणि माडी उंच, म्हणून जिना निम्मा चढून मधल्या चौथऱ्यावर वळतो आणि उलट्या दिशेने वर जातो. कंपनीचे मुख्य इंजिनियर जेम्स बर्कली यांनी डोंगरात तेच केले. रेल्वेला माणसासारखे जागच्या जागी वळता येत नाही. म्हणून कर्जतकडून चढत आलेली गाडी एका सपाट जागी आणून उभी करायची, इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला जोडायचे आणि शेपटाचे तोंड करून गाडी पुन्हा वर खंडाळ्याकडे न्यायची. दर ३७ फुटांना एक फूट, इतका खडा चढ काही ठिकाणी होता. पावणेसोळा मैलांच्या या मार्गाने गाडी १,८३१ फूट वर चढे. वाटेत २५ बोगदे आणि आठ मोठे पूल.

हे काम १८५६ च्या आरंभी सुरू झाले आणि २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटमार्गाचे उद्घाटन झाले. मधल्या काळाची एक गंमत सांगतो. घाटाखाली खोपोलीपर्यंत गाडी १८५६ सालीच आली होती आणि घाटावर खंडाळा ते पुणे १८५८ साली सुरू झाली. मधे घाट तसाच! तेव्हा मुंबईचा उतारू खोपोलीला उतरे, पालखीतून, तट्टावरून किंवा बैलगाडीतून घाट चढे आणि खंडाळ्याला पुन्हा आगगाडीत बसे. जवळजवळ पाच वर्षे हा प्रकार चालला. वाफेच्या युगाची दोन टोके माणसाच्या खांद्याने जोडलेली होती, म्हणा ना.

तर पुलाचे वय असे निघाले. रेल्वे घाटात आली १८६३ साली. १९२९ साली घाटातील विजेच्या गाड्यांची तयारी झाली, नवा मार्ग आखून रिव्हर्सिंग स्टेशन टाळण्यात आले आणि पुलावरची वाहतूक थांबली. म्हणजे पूल रेल्वेच्या चाकरीत होता सहासष्ट वर्षे आणि त्यानंतर नुसता उभा होता एक्क्याण्णव वर्षे! पाडला तेव्हा, मार्ग खुला झाल्यापासून मोजले तर, त्याला एकशे सत्तावन्न वर्षे झाली होती. बांधकामाची वर्षे फार तर आणखी सहा-सात धरा. एकशे नव्वद कुठल्याच हिशेबाने भरत नाहीत. पुलाखालच्या रस्त्याचे साल कधीतरी खांबांवरून चढून पुलावर जाऊन बसले, दुसरे काय?

हे मी लोणावळ्यातील नव्वदीच्या घरातील एका गृहस्थांना सांगितले, तेव्हा ते मिस्किल हसले. त्यांचे वडील रेल्वेत होते. "आमच्या घरात त्याला कुणी अमृतांजन म्हटलंच नाही," ते म्हणाले. "रिव्हर्सिंगचा पूल. वडील सांगायचे, कर्जतपास्नं तोंड करून बसलेला माणूस तिथनं पुढं पाठमोरा प्रवास करायचा. नवखी माणसं घाबरायची, गाडी परत मुंबईला निघाली म्हणून!" जे मला शोधून काढावे लागले, ते त्यांना वडिलांकडून मिळालेले होते. पण त्यांना विचारायला कोणी गेले नव्हते.

येथवर आल्यावर सौभाग्यवतींच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे. तेहतीस वर्षांच्या फरकाने कोणाचे काय बिघडते?

बिघडते ते असे. पूल १८३० चा म्हटला की तो गव्हर्नर माल्कम आणि कॅप्टन ह्यूज यांच्या खात्यावर जमा होतो. आणि ज्यांनी घाटात रेल्वे आणली, ती माणसे खात्यातून सपशेल पुसली जातात. ती किती होती? १८६१ च्या जानेवारीत या घाटात ४२,००० हून अधिक माणसे कामावर होती! पुरुष होते, बायका होत्या. दोराला लोंबकळून कड्याला सुरुंगाची भोके पाडणारे होते, डोक्यावरून दगडमाती वाहणारे होते. पहिला कंत्राटदार फॅव्हिएल याच्या कामावर मजुरी थकली, तेव्हा १८५९ च्या जानेवारीत मजुरांनी दंगा केला. त्यात एक युरोपियन मारला गेला. पाठोपाठ १८६० साली रेल्वे, कालवे अशा कामांवरील मजुरीचे तंटे झटपट तोडण्यासाठी सरकारला कायदा करावा लागला. आजचा आपला कामगार कायदा किती जुना, याची चर्चा होते तेव्हा या घाटाची आठवण किती जणांना होते?

फॅव्हिएलने काम सोडले. सॉलोमन ट्रेडवेल हा नवा कंत्राटदार विलायतेहून आला आणि थोड्याच आठवड्यांत आजाराने मेला. तेव्हा त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने परत बोटीत बसण्याऐवजी कंत्राट स्वतःच्या नावावर चालवले आणि जाणत्या इंजिनियरांच्या हाती व्यवस्था सोपवून ते पुरे केले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर एक विधवा बाई सह्याद्रीतल्या रेल्वेची कंत्राटदार होती, हे आपल्या मुलींना कोणी सांगत नाही. मुख्य इंजिनियर बर्कली तर उद्घाटन पाहायलाही उरले नाहीत. प्रकृती ढासळून ते मायदेशी गेले आणि १८६२ साली वारले. त्यांची नावे निदान पुस्तकात आहेत. पटकीच्या साथीत आणि तापात झोपडीझोपडीतून जे मजूर गेले, त्यांची नावे कोणत्याच पुस्तकात नाहीत.

जुन्या रस्त्याने घाट उतरताना शिंग्रोबाचे देऊळ लागते. गाडीतून पैसा टाकून नमस्कार करण्याची रीत अजून आहे. साहेबाला घाटातली वाट सापडेना, ती एका धनगराने दाखवली आणि बक्षीस म्हणून त्यालाच गोळी घातली, अशी ती कथा. कोणी ती रस्त्याची म्हणून सांगतात, कोणी रेल्वेची म्हणून. म्हणजे तेथेही रस्ता आणि रेल्वे एकमेकांत मिसळलेच! पण कथेचा हिशेब चोख आहे. वाट कोणाची आणि नाव कोणाचे, एवढेच तिला सांगायचे आहे. इतिहासाच्या कागदांत ज्याला जागा मिळाली नाही, त्याला लोकांनी देवळात जागा दिली.

कथेला सनावळी चुकण्याची मुभा आहे. आपल्याला ती नाही. पूल उभा होता तोवर त्याच्याविषयी काहीही लिहिले तरी दगड साक्षीला होते. ज्याला शंका आली, तो जाऊन पाहू शकत होता. आता दगड गेले, फक्त लिहिलेले उरले. म्हणून निदान ते तरी बरोबर असले पाहिजे.

त्या विद्यार्थिनीने लेख पुन्हा लिहिला. '१८३०' च्या जागी तिने '१८६३' घातले आणि खाली, मी न सांगता, आणखी एक ओळ जोडली : हा पूल बांधणाऱ्यांची नावे माहीत नाहीत. भित्तिपत्रकावर तो तसाच लागला. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला जाताना खंडाळ्याजवळचा तो मोकळा रस्ता लागेल. मुले विचारतील, "इथं पूल होता ना?" त्यांना एवढे तरी नक्की सांगा.