बोटुकली किती, त्याआधी कुठली?

गळाच्या मासेमारीसाठी दरवर्षी मासे सोडायचे, तर हिशेब पाण्यापासून सुरू होतो. जलाशय किती हेक्टरांचा, मे महिन्यात त्यातला किती उरतो, गेल्या हंगामात गळाला काय लागलं, त्यातलं किती परत सोडलं. मग बीजाचा आकार. मत्स्यजिरे स्वस्त पडतं, पण मरळ असलेल्या पाण्यात ते सोडणं म्हणजे मरळीला पंगत वाढणं. म्हणून मोठ्या जलाशयात चार इंचांच्या आसपासची बोटुकली सोडतात. इथपर्यंतचं गणित कोणताही जुना मत्स्य अधिकारी तोंडी करील. खरी पंचाईत पुढे आहे, आणि ती कावेरीने दाखवली.

कावेरीच्या खोऱ्यातला कुबडाचा महाशीर जगभरच्या गळवाल्यांचं स्वप्न. १९४६ साली डी वेट व्हॅन इंगन यांनी कावेरीची उपनदी काबिनी हिच्यात १२० पौंडांचा, म्हणजे ५४ किलोंचा मासा गळाने काढला. पुढे धरणं आली, सुरुंगाने मासे मारणारे आले. हौशी गळवाल्यांच्या संस्थांनी नदीवर पहारे बसवले, पकडलेला मासा सोडण्याची शिस्त लावली, आणि जोडीला बोटुकलीही सोडली.

ही बोटुकली लोणावळ्याची. वळवण तलावाकाठच्या टाटांच्या केंद्रात सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी निळ्या परांच्या महाशीरचं कृत्रिम प्रजनन बसवलं. हा मासा आपल्याकडचा. कर्नल साइक्सने १८३९ साली त्याचं वर्णन केलं ते मुळा-मुठेतल्या माशांवरून. मादीच्या पोटावरून अलगद हात फिरवून अंडी कोरड्या भांड्यात घ्यायची, त्यावर नराचं वीर्य, आणि पाणी सर्वांत शेवटी. फलित अंडी ओल्या कापसात बांधून विमानानेही जात. काम अव्वल दर्जाचं होतं, याबद्दल वाद नाही.

पण कावेरीचा महाशीर वेगळा. कावेरीकाठच्या गालिबोरे या गळवाल्यांच्या कॅम्पच्या १९९८ ते २०१२ च्या नोंदींत निळ्या परांचे मासे वाढत गेले, कुबडाचे आटत गेले. एकूण आकडा चढता, म्हणून सगळे खूश! कुबडाच्या माशाची शास्त्रीय ओळख टॉर रेमादेवी म्हणून २०१८ मध्ये पक्की झाली, आणि त्याच वर्षी तो 'अतिसंकटग्रस्त' ठरला. दोष एकट्या बोटुकलीचा नाही. धरणं आणि सुरुंगही आहेत. तरी माशाची जात न तपासता बीज सोडणं हे नियोजन नव्हे, दानधर्म झाला.

अमेरिकेतल्या मोंटाना राज्याने वेगळा धडा घेतला. मॅडिसन नदीत उबवणकेंद्रातले ट्राउट सोडणं थांबवल्यावर नदीतले जंगली ट्राउट वाढले. १९७४ पासून राज्याने रानट्राउट टिकून असलेल्या नद्यांत बीज सोडणं बंद केलं. बंदिस्त तलावात, जिथे वीणच होत नाही, तिथे दरवर्षीचं संचयन लागतंच. वाहत्या नदीचं तसं नाही.

म्हणून नदीत महाशीर सोडण्याचा कार्यक्रम आखणाऱ्यांनी आधी एक हंगाम तिथल्या भोयांबरोबर जाळ्यातल्या प्रत्येक माशाची जात लिहून काढावी. मूळचा महाशीर तिथे अजून वीण घालत असेल, तर बीजाचा निधी पहारेकऱ्यांच्या पगारासाठी वळवावा.