निवेदकाचे क्रियापद

माडियांच्या जीवनावर एका शहरी लेखकाने लिहिलेली कथा चंद्रपूरला वर्गात शिकवीत होतो. तिच्यातला माडिया नेहमीचाच: काळाकभिन्न, भोळा, मोहाच्या दारूत बुडालेला. एटापल्लीकडचा एक विद्यार्थी उठून म्हणाला, "सर, यात फॉरेस्टर 'आले' आणि म्हातारा माडिया 'आला', असं का?"

मी चमकलो. माझ्या बापालाही गाव 'आला'च म्हणे. घरातला पहिला पदवीधर मी, तरी हे मला दिसले नव्हते!

पात्राच्या तोंडची तुच्छता पात्राची असू शकते. पण निवेदनच जेव्हा म्हाताऱ्याला 'आला' म्हणते, तेव्हा निवेदक साहेबाच्या जीपमध्ये बसलेला असतो. तिथून मोह म्हणजे नुसती दारू. पहाटे टोपली घेऊन मोहफुले वेचणारी बाई दिसत नाही. १८५८ साली इंग्रजांनी चांद्याला फासावर चढविलेले बाबुराव शेडमाके तर नाहीच नाही.

बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या कथेत सांगणारा 'मी' आहे. तिथे न्याहाळला जातो तो जात पाळणारा.

त्या मुलाला तोच प्रसंग म्हाताऱ्याच्या अंगणातून लिहायला सांगितला. वहीत पहिले वाक्य असे: "आजोबा मोहफुले वाळवीत होते. तेवढ्यात फॉरेस्टर आला."