व्हॉल्व्हचा गिटार ॲम्प्लिफायर आणि पुस्तकांची निवड

इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपमधून निघणारा विद्युतसंदेश स्पीकर हलवण्याइतका सबळ नसल्यामुळे त्याला ॲम्प्लिफायर लागतो, आणि १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागून पुढील काही दशकांत घरोघरच्या रेडिओतून व्हॉल्व्ह हद्दपार झाले, तरी गिटारवादकांनी ते सोडले नाहीत. व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचनळी. तिच्यातील तापलेल्या कॅथोडपासून ॲनोडकडे जाणारा इलेक्ट्रॉनांचा प्रवाह मधली ग्रिड नावाची जाळी कमीअधिक करते. अशा नळ्यांचा ॲम्प्लिफायर स्वतः बांधू पाहणाऱ्यांसाठी पुस्तके आजही लिहिली जातात. मात्र ती निवडताना पहिली अडचण अशी येते की, या शास्त्रातील सर्वांत अधिकारी मानले जाणारे ग्रंथ मुळात गिटारसाठी लिहिलेलेच नाहीत.

एफ. लँगफोर्ड-स्मिथ यांनी सिडनीत संपादित केलेले ‘रेडिओट्रॉन डिझायनर्स हँडबुक’ हे याचे ठळक उदाहरण होय. १९५०च्या दशकाच्या आरंभी निघालेली त्याची चौथी आवृत्ती सुमारे दीड हजार पानांची असून व्हॉल्व्हविषयी तिने फारसे काही सोडलेले नाही, परंतु ध्वनिविकृती, म्हणजे मूळ लहरीचा आकार बिघडणे, हा तिच्या दृष्टीने दोष आहे आणि तो कमीत कमी कसा ठेवावा हाच तिचा ध्यास आहे. मॉर्गन जोन्स यांचे ‘व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर्स’ हे उत्तम पुस्तकही घरी संगीत ऐकणाऱ्यांच्या हाय-फाय परंपरेतले आहे. गिटारवादकाला तर नेमकी तीच विकृती हवी असते, फक्त ती कानाला रुचेल अशा रीतीने आलेली हवी.

हा फरक भाररेषेच्या प्रकरणात स्पष्ट दिसतो. १२एएक्स७ या व्हॉल्व्हला ३०० व्होल्टचा पुरवठा आणि त्याच्या ॲनोडला १०० किलोओहमचा रेझिस्टर असेल, तर आलेखाच्या आडव्या अक्षावरील ३०० व्होल्ट आणि उभ्या अक्षावरील ३ मिलिॲम्पिअर या दोन बिंदूंना जोडणारी सरळ रेषा म्हणजे भाररेषा, आणि कॅथोडला दीड किलोओहमचा रेझिस्टर लावला की संदेश नसतानाचा बिंदू तिच्यावर साधारण १ मिलिॲम्पिअरच्या आसपास स्थिरावतो. हाय-फायचा लेखक त्या बिंदूच्या दोन्ही अंगांना किती निर्दोष जागा आहे ते मोजतो आणि थांबतो. मर्लिन ब्लेन्को यांच्या, गिटार व बासच्या प्रीॲम्पला, म्हणजे संदेश प्रथम वाढवणाऱ्या टप्प्याला, वाहिलेल्या पुस्तकात मात्र वाचकाला रेषेच्या टोकांपर्यंत नेले जाते: एका टोकाला ग्रिडमधून प्रवाह वाहू लागून आणि दुसऱ्या टोकाला व्हॉल्व्ह बंद पडून लहर कशी छाटली जाते, आणि कॅथोडचा रेझिस्टर बदलून यांपैकी कोणते टोक आधी गाठावे, हे त्यातून कळते. एकच पुस्तक घ्यायचे झाल्यास ते हेच असावे, मात्र ओहमचा नियम आधी पाठ हवा.

ज्याला एकच सर्किट सखोल समजून घ्यायचे आहे त्याच्यासाठी रिचर्ड क्यूनेल यांनी फेंडर कंपनीच्या ‘बासमन ५एफ६-ए’ या ॲम्प्लिफायरवर स्वतंत्र पुस्तक लिहिले आहे. लंडनच्या मार्शलचा पहिला ‘जेटीएम४५’ याच सर्किटवरून बेतलेला असल्यामुळे एका अभ्यासात दोन घराणी कळतात. जॅक डार यांचे १९६५ सालचे पुस्तक दुरुस्ती करणाऱ्या कारागिराचे असून बिघाड शोधण्याची त्यातील रीत अजून जुनी झालेली नाही.

यांपैकी बरेच साहित्य अमेरिकेतले आहे, आणि भारतात बांधणी करणाऱ्याने येथे सावध राहायला हवे. अमेरिकी मेन्स १२० व्होल्ट व ६० हर्ट्झचा, तर येथील २३० व्होल्ट व ५० हर्ट्झचा असल्याने त्या पुस्तकांतील ट्रान्सफॉर्मर जसाच्या तसा चालत नाही. त्याहून घातक गोष्ट वायरींच्या रंगांची आहे: अमेरिकेत काळी वायर फेजची असते, तर भारतातील जुन्या वायरिंगमध्ये काळी न्यूट्रलची. शिवाय दोन पिनांच्या प्लगच्या जुन्या ॲम्प्लिफायरांत घरघर कमी व्हावी म्हणून मेन्स आणि शॅसी, म्हणजे ॲम्प्लिफायरचा धातूचा सांगाडा, यांच्यामध्ये एक कपॅसिटर जोडलेला असे. तो शॉर्ट झाल्यास फेज शॅसीवर आणि तेथून गिटारच्या तारांवर येतो. जुन्या पुस्तकांत तो निमूटपणे छापलेला आढळतो, पण नव्या बांधणीत तो गाळून शॅसीला पक्के अर्थिंग द्यावे लागते. प्लग काढल्यानंतरही फिल्टर कपॅसिटरांत शेकडो व्होल्ट साठून राहतात, ते रेझिस्टरमार्फत कसे उतरवावेत हे जे पुस्तक सांगत नाही ते नवशिक्याच्या हाती देऊ नये.

पुस्तके वाटून वापरण्याचा प्रश्नही येथूनच उद्भवतो, कारण प्रत्यक्षात पुस्तकाऐवजी त्यातील सर्किटचे एखादे पानच हातोहात फिरते आणि सुरक्षेचे प्रकरण मागे राहते. कायद्याचा विचार केला तर, विकत घेतलेली प्रत मित्राला उसनी देण्यास हरकत नाही, पण संपूर्ण पुस्तकाची स्कॅन प्रत वाटणे वेगळे. भारताच्या १९५७च्या कायद्यानुसार प्रताधिकार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, आणि या विषयाचे लेखक अनेकदा छोट्या किंवा स्वतःच्याच प्रकाशनातून पुस्तके काढत असल्याने फुकट फिरणाऱ्या प्रतीची झळ थेट त्यांनाच बसते.

हाताळलेल्या प्रतीचे मोल कोऱ्या प्रतीपेक्षा अधिक असू शकते, कारण आधीच्या बांधणाऱ्याने समासात पेन्सिलीने दुरुस्त केलेली छपाईची चूक, किंवा कोणता ट्रान्सफॉर्मर वापरला आणि ॲनोडवर किती व्होल्ट मिळाले याची नोंद, छापील मजकुरात नसते. मात्र अशा नोंदीशेजारी त्या वेळचा मेन्सचा दाब लिहिलेला नसेल तर ती अर्धीच ठरते, कारण भिंतीतून २३०ऐवजी २४५ व्होल्ट येत असतील तर आतील सारे आकडे जवळपास त्याच प्रमाणात वर सरकतात आणि कॅथोड तापवणाऱ्या हीटरचे ६.३ व्होल्टही ६.७च्या घरात जातात.